फजरचे वुजू आणि थंडगार लादी

डिसेंबर-जानेवारीत फजरला बाथरूममध्ये अनवाणी पाय ठेवला की लादी झोंबते. त्यामुळे आमच्या बोळिंजमध्ये नवा फ्लॅट सजवणारी मंडळी विचारतात, फरशीच गरम करून घ्यावी का? टाइल्सखाली विजेच्या तारांची जाळी अंथरतात, बटण दाबले की लादी कोमट होते.

ही काही युरोपची नवलाई नव्हे. काश्मिरात मशिदींना जोडून हमाम असतात. दगडी लाद्यांखाली पोकळी ठेवून तिच्यात लाकडे पेटवतात. लाद्या तापतात आणि त्याच आगीवर तांब्याच्या भांड्यात वुजूचे पाणीही गरम होते. बाहेर बर्फ पडत असताना नमाजी त्या उबेत बसतात. तिथे ती गरज आहे.

आपल्याकडे समुद्र जवळ, कडाक्याच्या सकाळी मोजक्याच. जाळीला दर चौरस मीटरला साधारण 150 वॉट लागतात. म्हणजे 3 चौरस मीटरच्या बाथरूममध्ये दोन तासांत जवळपास एक युनिट जळते आणि वुजूचे पाणी थंड ते थंडच! त्याउलट 15 लिटर पाणी 25 वरून 50 अंशांवर न्यायला अर्धा युनिटही लागत नाही. शिवाय जुन्या घरात लादी उखडली की खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येण्याची भीती. आमच्या मते हा खर्च इस्राफच. बुजुर्गांसाठी न घसरणारी रबरी चटई आणि भिंतीला पकडायला दांडी बसवावी.

खरी काळजी गीझर निवडताना घ्यायची. गॅसचा गीझर स्वस्त पडतो म्हणून अनेक घरांत तो बाथरूमच्या आतच टांगलेला असतो. त्याची ज्योत खोलीतील प्राणवायू खाते. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, गरगरते, मळमळते, आणि कडी लावून गुस्ल करणारा माणूस हाक न मारताच कोसळतो. हिवाळ्यात मुंबई परिसरातून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. त्यातच थंडी नको म्हणून खिडकीच्या झडपांना प्लास्टिक चिकटवायची आपली सवय!

गॅस गीझर हवाच असेल तर तो आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, मोकळ्या हवेत ठेवावेत. आत फक्त पाण्याचा नळ यावा. नुसता एक्झॉस्ट पंखा पुरेसा नाही. कोणी आत बेशुद्ध पडलेच तर आधी दार-खिडक्या उघडून गॅस बंद करावा, त्याला बाहेर हवेत आणावे आणि 108 ला फोन करावा.

विजेचा गीझर घेताना आयएसआय खूण पाहावी. अर्थिंग तपासून घ्यावे आणि 30 मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा. इलेक्ट्रिशियन "कशाला हवा?" म्हणाला तरी बसवावाच. बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असेल तर आतल्या कॉइलवर क्षार साचतात. म्हणून वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, टाकी उघडून साफ करून घ्यावी.