जुन्या रोल्स-रॉइसची पारख

इंग्लंडमध्ये जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातींत ‘उत्तम राखलेली’ हे शब्द वारंवार आढळतात. अशी मोटार रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर शॅडो’ असली, म्हणजे पाहणाऱ्याला पहिल्या भेटीतच भुरळ पडते. अक्रोडाच्या लाकडाची चकाकणारी फळी, मऊ कातड्याच्या बैठका, आणि किंमत मात्र कित्येकदा एखाद्या साध्या नव्या मोटारीएवढीच! एवढे वैभव इतक्या स्वस्तात का मिळावे? ह्याचे उत्तर मोटारीच्या रचनेत आहे.

ही मोटार १९६५ ते १९८० ह्या काळात क्रू येथील कारखान्यात तयार होत असे. तोपर्यंत ही कंपनी भक्कम सांगाडा निराळा करी व त्यावर वरचा साज चढवी. ‘सिल्व्हर शॅडो’त प्रथमच निराळा सांगाडा गेला, पत्र्याचे अंगच सारा भार वाहू लागले. म्हणून दाराखालच्या पट्टीला किंवा चाकावरच्या कमानीला लागलेला गंज हा नुसता रूपाचा दोष नव्हे. ती हाडांना लागलेली कीड होय. ताज्या रंगाखाली ती सहज झाकता येते. तेव्हा गाडी उचलून खालून पाहावी.

दुसरी गोष्ट ब्रेकची. इंजिनावर चालणारे पंप एका द्रवावर मोठा दाब आणतात व तो दाब नायट्रोजन भरलेल्या गोलकांत साठतो. दोन टनांहून जड अशी ही गाडी थांबते ती ह्याच दाबाने. आणि ओझे वाढले तरी तिची पातळी सम राहते तीही ह्याच दाबाने. ही दुसरी युक्ती फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीकडून परवान्याने घेतलेली आहे. गोलकांची परीक्षा सोपी आहे. इंजिन काही वेळ चालवून बंद करावे, किल्ली फिरवून दर्शक दिव्यांची वीज चालू ठेवावी आणि ब्रेकचे पेडल दाबत जावे. निरोगी गाडीत धोक्याचा दिवा लागण्यापूर्वी ते कितीतरी वेळा दाबता येते; पाचसहा दाबांतच दिवा लागला, तर गोलकांत दम उरलेला नाही असे समजावे.

‘फारच थोडी चाललेली’ ही शिफारसही तपासून घ्यावी. उभ्या गाडीतला ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषतो, नळ्या आतून गंजतात, रबर कडक होते. नियमाने चाललेली आणि दुरुस्तीच्या पावत्या जपलेली गाडी अधिक विश्वासाची. शिवाय मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये, मूळ बांधणीत मोठा बदल न झालेल्या, चाळीस वर्षांवरील मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही. ती ऐच्छिक तपासणी विक्रेत्याने करवून घेतली आहे काय, हे अवश्य विचारावे. कारण येथे प्रश्न पैशांइतकाच प्राणांचाही आहे.

दारी हत्ती झुलावा असे कोणाला वाटत नाही? परंतु हत्ती स्वस्तात मिळाला, म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही.