विठाई आणि नॉरिचची ज्युलियन

भाटघरला, धरणाच्या पाण्याकडे उघडणाऱ्या खिडकीशी मी ज्युलियन वाचली. इंग्लंडातल्या नॉरिचला चर्चच्या भिंतीलगतच्या खोलीत ती आमरण एकांतात राहिली. अशा खोलीची एक खिडकी वेदीकडे, दुसरी सल्ला विचारणाऱ्यांसाठी.

मे १३७३मध्ये, तिशीत, मरणाच्या दारी असताना तिला साक्षात्कार झाले. त्यांवर वीसेक वर्षे चिंतन करून तिने ख्रिस्ताला आई म्हटले. लेकरू पडेल, पण आई ते गमावणार नाही. प्लेगला देवाचा कोप मानणाऱ्या त्या शतकात तिला देवाच्या ठायी कोप दिसलाच नाही! विठाईला माउली म्हणणाऱ्या आपल्याला यातले धाडस चटकन जाणवत नाही.

जनाबाईचे नाव निदान अभंगातल्या मुद्रेने टिकले. ज्युलियन हे नाव मात्र बहुधा त्या चर्चचेच.