रोजचं गिऱ्हाईक

उपनगरात स्वतःच्या हिमतीवर चालणारं चांगलं कॅफे कसं ओळखायचं? फोनवरचे तारे सोडा. गल्ल्यावर मालक स्वतः बसतो का, आणि गिऱ्हाईक रोजचं आहे का, ते बघा. धोबी तलावचं कयानी 1904 पासून याच जिवावर उभं आहे.

आता माहुलला या. तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून माणसं इथे आणली, शेजारी रिफायनऱ्या. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, जबरदस्तीने इथे पाठवू नका, दुसरीकडे राहायला दरमहा 15,000 रुपये भाडं द्या. ज्या वस्तीला निघूनच जायचंय, तिथे दुकानात पैसे कोण घालणार? म्हणून इथे कॅफे नाही, टपरी शोधा. टपरी कशी, उद्या उचलता येते! पण कटिंग घ्याल तेव्हा बघा, चहावाला न विचारता कुणाला बिनसाखरेचा देतो.