दगा दिला डिंकानं

चेहरा खुपसल्याशिवाय हे यंत्र काहीच दाखवत नाही. टेबलावर दोन पायांच्या स्टँडवर लाल-काळी पेटी ठेवायची, पुढे वाकायचं आणि काळ्या मऊ झापडांत डोळे घालायचे. बाहेरचा उजेड पुरता बंद झाला की आतल्या मिट्ट काळोखात लालभडक चित्र उमटतं, तेही खोली असलेलं. टेनिसचा चेंडू खरोखर दूर जातो आणि अंगावर परत येतो. हा निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय. आज तिशी ओलांडलेला एखादा नग सुरू केला, तर मात्र बरेचदा एक डोळा नीट बघतो आणि दुसऱ्यासमोर चित्राच्या आडव्या चिंध्या झालेल्या असतात. काही ओळी गायब, काही कायमच्या पेटलेल्या, काही भलत्याच जागी. आधीच डोकं दुखवण्याबद्दल बदनाम असलेल्या यंत्राला ही आणखी एक खोड.

गंमत म्हणजे यातलं काहीही जळलेलं नसतं. प्रोसेसर शाबूत, दिवे शाबूत, आरसा शाबूत. दगा दिलेला असतो डिंकानं.

व्हर्च्युअल बॉय 21 जुलै 1995 रोजी जपानच्या बाजारात आला, पुढच्याच महिन्यात अमेरिकेत. त्याचा कर्ताधर्ता गुनपेई योकोई. 1980ची ‘गेम अँड वॉच’ ही खिशातली खेळणी याच माणसाची आणि 1989चा गेम बॉयही त्याच्याच देखरेखीखाली तयार झालेला. नव्याकोऱ्या, महागड्या तंत्रज्ञानामागे धावू नका, जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि ते भलत्याच कामाला लावा, असं त्याचं सूत्र होतं. गेम बॉयमध्ये ते तुफान चाललं. व्हर्च्युअल बॉयमध्ये आपटलं. 179.95 डॉलरना विकायला ठेवलेलं यंत्र जेमतेम पावणेआठ लाखांच्या आसपास खपलं, जपानमध्ये वर्ष संपायच्या आत गुंडाळलं गेलं आणि अमेरिकेत 1996च्या सुरुवातीला. उभ्या आयुष्यात त्याच्यासाठी 22 खेळ निघाले. युरोपात ते पोचलंच नाही, आपल्याकडे तर नाहीच नाही.

पण त्याचा पडदा? खरं तर त्याला पडदाच नाही, आणि सगळी मौज इथेच आहे.

दिवाळीत अंधारात फुलबाजी गरगर फिरवली की हवेत प्रकाशाचं वर्तुळ दिसतं. ठिणगी एका वेळी एकाच जागी असते, पण आधीच्या जागांची आठवण डोळा क्षणभर सोडत नाही. याला दृष्टिसातत्य म्हणतात. व्हर्च्युअल बॉयचं चित्र याच तत्त्वावर उभं आहे. प्रत्येक डोळ्यासाठी आत 224 बारीक लाल एलईडींची एकच उभी रांग असते. चित्र मात्र 384 बिंदू रुंद आणि 224 बिंदू उंच. म्हणजे 86,016 बिंदूंचं चित्र 224 दिव्यांत भागवायचं. ते कसं? तर रांगेसमोर एक छोटा आरसा सेकंदाला पन्नासेक वेळा मागेपुढे डुलतो. आरसा डुलेल तशी दिव्यांची प्रतिमा डोळ्यासमोरून आडवी सरकते आणि त्या प्रवासात दिव्यांची रांग 384 वेळा वेगवेगळ्या प्रकारे लागते नि विझते. एका डोळ्याचं अख्खं चित्र सुमारे 5 मिलिसेकंदांत रंगवून होतं, मग दुसऱ्या डोळ्याची पाळी. दोन्ही डोळे एकदम कधीच उजळत नाहीत. पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

यात एक बारकी अडचण आहे. डुलणारी वस्तू सारख्या वेगानं चालत नाही. मध्यावर तिचा वेग सर्वाधिक, तर टोकांशी ती मंदावते, थांबते आणि उलटी फिरते. सारख्या वेळानं दिवे लावले तर चित्र कडांशी दाटेल आणि मधे विरळ होईल. म्हणून कोणत्या स्तंभाला किती वेळ द्यायचा याचा एक तक्ताच यंत्राच्या स्मृतीत भरलेला असतो आणि आरसा नेमका कुठे आहे, हे एक प्रकाशसंवेदक सतत कळवत राहतो. एका खेळण्यात एवढी करामत! मूळ कल्पना अमेरिकेतल्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या कंपनीची, निन्टेंडोनं तिचा परवाना घेतला होता.

रंग लालच का, याचं उत्तरही योकोईच्या सूत्रातच आहे. लाल एलईडी तोवर स्वस्त झाले होते आणि वीजही कमी खात. चांगला उजेड देणारा निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत 1993मध्ये दाखवला होता, म्हणजे व्हर्च्युअल बॉय येण्याआधी जेमतेम दोन वर्षं. पुढे 2014मध्ये इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण सहा पेन्सिल सेलवर चालणाऱ्या खेळण्यात तो घालणं 1995मध्ये परवडणारं नव्हतं. तेव्हा लाल आणि काळा, एवढ्यावर भागवलं गेलं.

आता बिघाडाकडे. दिव्यांची रांग ज्या छोट्या सर्किट बोर्डावर बसवलेली असते, त्याला मुख्य बोर्डाकडून माहिती आणणारी एक चपटी रिबन केबल जोडलेली असते. प्लास्टिकच्या पातळ पट्टीत तांब्याच्या समांतर रेघा, अशी तिची रचना. या रेघा बोर्डावरच्या पट्ट्यांना सोल्डरनं जोडलेल्या नाहीत, त्या चिकटवलेल्या आहेत. 224 दिव्यांसाठी 224 स्वतंत्र तारा टाकणं शक्य नसतं. मोजक्याच तारांवरून माहिती येते आणि बोर्डावरच्या चिपा ती दिव्यांत वाटून देतात. त्यामुळे एका रेघेचा कॉन्टॅक्ट गेला तर एक दिवा विझून भागत नाही, अनेक ओळींचा हिशेब एकदम चुकतो. चित्राच्या चिंध्या होतात त्या यामुळे. आणि चिंध्या आडव्याच असतात, कारण एकेक दिवा चित्राची एकेक आडवी ओळ रंगवतो.

विजेच्या तारा डिंकानं जोडायची कल्पना ऐकायला विचित्र वाटते, पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये ती सर्रास वापरली जाते. डिंक स्वतः वीज वाहून नेत नाही, पण त्यात कार्बनचे किंवा धातूचे बारीक कण मिसळता येतात. कण भरपूर घातले तर वीज सगळीकडे पळेल आणि शेजारशेजारच्या तारा शॉर्ट होतील. म्हणून ते विरळच ठेवतात. मग उष्णता आणि दाब देऊन पट्टी बोर्डावर दाबली की वरची रेघ आणि खालची पट्टी यांच्यामध्ये कण चेपले जातात आणि वीज वरून खाली जाते. बाजूबाजूच्या कणांमध्ये मात्र अंतर राहतं, त्यामुळे ती आडवी जात नाही. एका दाबात सगळे जोड एकदम होतात, सोल्डरची उष्णता न सोसणारं प्लास्टिकही वाचतं आणि पैसेही वाचतात. जिथे एक बाजू काचेची असते, तिथे तर दुसरा इलाजच नसतो. एलसीडीच्या काचेवर तांबं नसतं, इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो आणि त्यावर साधं सोल्डर धरत नाही.

अडचण येते ती वयाची. हा जोड टिकतो तो डिंकानं धरून ठेवलेल्या दाबावर. यंत्र तापतं, निवतं; प्लास्टिक, तांबं आणि बोर्ड प्रत्येक वेळी कमीअधिक प्रमाणात फुगतात. हवेतली ओल डिंकात शिरते. डिंक सैलावतो, कुठेतरी कडक होऊन सुटतो. कणाची पकड केसभर ढिली झाली तरी पुरे, लूज कॉन्टॅक्ट तयार. पेटीला थोपटल्यावर चित्र कधी सुधारतं, कधी आणखी बिघडतं, ते याचमुळे. जुन्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यातली एखादी रेघ गायब होते आणि काच दाबली की परत येते, तीही याच घराण्यातली तक्रार.

गेम बॉयही यातून सुटलेला नाही. त्याचा पडदा 160 स्तंभ आणि 144 ओळींचा. 23,040 बिंदू आणि त्यांना हाकणाऱ्या फक्त 304 वाहिन्या. पडद्याच्या खालच्या कडेला स्तंभांची रिबन चिकटवलेली असते. तिथला एक जोड सुटला की अख्खा उभा स्तंभ कोरा पडतो. म्हणून जुन्या गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या पांढुरक्या रेघा दिसतात. याच जातीचा एक गेम बॉय 1991च्या आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळला. त्याचं कवच वितळून काळं पडलं, तरी आत टेट्रिस सुरूच. निन्टेंडोनं तो न्यूयॉर्कच्या दुकानात वर्षानुवर्षं मांडून ठेवला होता. आगीला पुरून उरलेल्या या यंत्राच्या भावंडांना कपाटात ठेवल्या ठेवल्या रेघा पडाव्यात, यातला विनोद कडवट आहे.

व्हर्च्युअल बॉयवर काही जण अघोरी उपाय करतात. दिव्यांचा बोर्ड सोडवून, जोडावर वजन ठेवून तो थोडा वेळ मंद ओव्हनमध्ये ठेवायचा. डिंक मऊ होतो, वजनानं कण पुन्हा चेपले जातात आणि चित्र लख्ख होतं. काही आठवडे, काही महिने. ज्या डिंकानं एकदा मान टाकली, त्याच्यावरच पुन्हा भिस्त ठेवायची, तर दुसरं काय होणार? शिवाय भिंगं किंवा आरसा चुकून सोबत गेला तर दुरुस्तीला काही उरतच नाही. तात्पुरतं बघायचं असेल तर ठीक, पण याला दुरुस्ती म्हणवत नाही.

खरी दुरुस्ती सोल्डरची. कवचाचे स्क्रू उघडायला खास खाचांचा 4.5 मिलिमीटरचा पाना लागतो, तोही लांब नि सडपातळ दांड्याचा, कारण स्क्रू खोल भोकांत बसलेले आहेत. आतला डोळ्याचा भाग सुटा केला की दिव्यांचा बोर्ड हाती येतो. आरशाला बोट लागू द्यायचं नाही. ठसा उमटला तर तो प्रत्येक खेळात दिसत राहील. मग केबल हळूच सोलून काढायची. बहुधा ती फारसा विरोध न करता सुटते, आणि रोगाचं निदान तिथेच पक्कं होतं. बोर्डावरचा आणि केबलवरचा डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढायचा, तांबं चमकेपर्यंत.

खरी कसोटी यानंतर लागते. केबलच्या टोकाशी तांब्याच्या रेघा एका बाजूनं डिंकाखाली आणि दुसऱ्या बाजूनं प्लास्टिकखाली असतात. सोल्डर धरायला तांबं उघडं हवं. म्हणून धारदार पात्यानं वरचं प्लास्टिक खरवडायचं, पातं जवळजवळ आडवं धरून, वजन न देता. जरा जास्त जोर झाला की रेघ तुटलीच. उघड्या तांब्यावर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ मुलामा द्यायचा, बोर्डाच्या पट्ट्यांनाही तसाच. केबल बरोबर रेघेवर रेघ ठेवायची, चिकटपट्टीनं धरायची आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक एकेका जोडावर क्षणभर टेकवून उचलायचं. नेहमीचं 63:37चं कथिल-शिसं सोल्डर 183 अंशांना वितळतं. आयर्न जास्त वेळ रेंगाळलं तर प्लास्टिक आकसतं आणि रेघा वाकड्या होतात. शेवटी भिंगातून प्रत्येक जोड बघायचा आणि मल्टिमीटरनं शेजारच्या दोन रेघा चुकून जुळल्या नाहीत ना, हे तपासायचं. आता जोड दाबावर अवलंबून राहिलेला नसतो. वितळलेलं कथिल तांब्याशी मिळून सांध्यावर मिश्रधातूचा पातळ थर तयार करतं, तिथे सैल व्हायला काही उरत नाही.

गेम बॉयला हे सुख नाही. त्याची रिबन काचेला चिकटलेली, तिथे सोल्डर चालणार नाही. म्हणून कमी तापवलेलं आयर्न रिबनच्या चिकटलेल्या कडेवरून हलक्या दाबानं सावकाश फिरवायचं. यंत्र सुरू ठेवून हे केलं तर एकेक रेघ डोळ्यांदेखत परत येते, आणि हात चुकला तर डोळ्यांदेखत नवी रेघ पडते! हा डिंक पुन्हा चेपण्याचाच प्रकार, फक्त ओव्हनपेक्षा नेमका. बरेच लोक हल्ली त्या भानगडीत न पडता जुना पडदा काढून नवा आयपीएस पडदाच बसवतात. चित्र सुंदर दिसतं, नाही म्हणता येणार नाही. पण 1989च्या त्या हिरवट पडद्यावर हलणारी वस्तू मागे जी पुसट सावली ओढत जाई, ती नव्यावर दिसत नाही, आणि खेळ बनवणाऱ्यांनी आपली चित्रं त्या पडद्यावर बघून बेतली होती.

व्हर्च्युअल बॉयला तर बदली पडदा नाहीच. सप्टेंबर 2025मध्ये निन्टेंडोनं त्याचे जुने खेळ आपल्या स्विच यंत्रावर आणण्याची आणि त्यासाठी तशाच आकाराचा चष्मा विकण्याची घोषणा केली. पण एलसीडी पडद्याच्या स्विचवर काळा रंग म्हणजे मागचा उजेड अडवून केलेला काळा. डुलत्या आरशासमोरचा विझलेला दिवा मात्र विझलेलाच असतो, तिथे उजेडाचा कणही नाही. डुलत्या आरशानं त्या काळोखात काढलेली लाल रेघ बघायची तर मूळ यंत्रच लागतं, आणि ते चालू ठेवायचं तर सोल्डरिंग आयर्न.

अनुभवी हात त्यामुळे एक पथ्य पाळतात. तक्रार डाव्या डोळ्याची असली, तरी यंत्र उघडलंच आहे तर उजव्याचा जोडही त्याच बैठकीत सोल्डर करून टाकतात. उजवा ठणठणीत दिसत असला तरी त्याचा डिंकही तिशीतलाच असतो, आणि ते खोलातले स्क्रू पुन्हा उघडायची हौस कुणालाच नसते.