चेनसॉची ठिणगी गेली? कॉइल बदलण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागात झाड रस्त्यावर आडवे झाले, की पहिली शोधाशोध चेनसॉची होते. अनेकदा हाताशी असतो तो जुना चेनसॉ. गार असताना एका झटक्यात सुरू होतो, तापला की बंद पडतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतो. अर्धवट कापलेले झाड समोर असताना असे होणे धोक्याचेच. अशा वेळी 'कॉइल गेली' असे सांगून थेट नवी कॉइल बसवली जाते. पण दोष दरवेळी कॉइलचाच असतो का?

कॉइलचे काम काय?

चेनसॉला बॅटरी नसते. दोरी ओढली की फ्लायव्हील फिरते. त्यावरचे चुंबक कॉइलजवळून जाताना तिच्यात वीज तयार होते. कॉइल हा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवते आणि प्लगवर ठिणगी पडते. हे तत्त्व जुनेच आहे. बॉश कंपनीतील अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो विकसित केला. नाशिककरांना 'मायको' म्हणून परिचित असलेल्या बॉशच्या बोधचिन्हातील आकृती मॅग्नेटोच्याच एका भागाची आहे.

कॉइल का बिघडते?

सतत उष्णता आणि कंपन यामुळे कॉइलमधील बारीक तारेचे वेष्टन कमकुवत होते. तापल्यावर तार प्रसरण पावून आतला जोड तुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो. म्हणूनच मशीन गार पडल्यावर पुन्हा चालते. मात्र पेट्रोल टाकीत हवा जाण्याचा मार्ग तुंबला, तरी लक्षण हेच दिसते.

फरक कसा ओळखाल?

मशीन बंद पडल्या पडल्या ठिणगी तपासा. मूळ प्लग जागेवरच राहू द्या. त्याची टोपी काढून दुसऱ्या, चांगल्या प्लगला लावा. त्या प्लगचा धातूचा भाग सिलिंडरच्या धातूला घट्ट टेकवा, स्विच 'चालू'वर ठेवा आणि दोरी ओढा. प्लग इन्सुलेटेड पक्कडीने धरा, हाताने नको. जवळ पेट्रोलचा डबा किंवा सांडलेले पेट्रोल नसावे. प्लग न टेकवता दोरी ओढू नका, त्याने चांगली कॉइलही खराब होऊ शकते.

ठिणगी पडत असेल, तर दोष इंधनाच्या बाजूला शोधा. पडत नसेल, तर कॉइलपासून बंद करण्याच्या स्विचकडे जाणारी बारीक तार सोडवून पुन्हा पाहा. आता ठिणगी आली, तर तार कुठेतरी घासून धातूला टेकते आहे किंवा स्विच खराब आहे. तरीही आली नाही, तर प्लगची टोपी आणि जाड तार पाहा. मशीन फार जुने असेल, तर फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. त्यांची तपासणी मेकॅनिककडून करून घ्या. हे सगळे ठीक निघाले, तरच कॉइल बदला.

बदलताना काय कराल?

• मशीन पूर्ण गार होऊ द्या आणि प्लगची टोपी काढा.
• दोरीचे कव्हर उघडा. तारा कशा गेल्या आहेत, याचा मोबाइलवर फोटो काढा.
• मॉडेल आणि जुन्या कॉइलवरील क्रमांक जुळवूनच नवी घ्या.
• फ्लायव्हीलचे चुंबक आणि कॉइलच्या पायांवरील गंज, भुसा साफ करा.
• कॉइल सैल बसवा. चुंबक तिच्यासमोर आणून मध्ये योग्य जाडीचा फीलर गेज ठेवा. अनेक मशीनमध्ये हे अंतर सुमारे ०.३ मिलिमीटर असते, पण आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम माना.
• चुंबकाने कॉइल ओढून धरली की स्क्रू आवळा, गेज काढा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. कुठेही घासता कामा नये.

अंतर जास्त राहिले, तर ठिणगी कमजोर पडते. कमी राहिले, तर चुंबक कॉइलला घासते.

शेवटची चाचणी

चेन ब्रेक लावून मशीन जमिनीवर घट्ट धरूनच सुरू करा. स्विचने ते लगेच बंद होते का, हे पाहा. होत नसेल, तर बारीक तार जोडायची राहिली आहे. मग जमिनीवरचे लाकूड कापून मशीन चांगले तापवा. तापल्यावरही ते बंद पडले नाही, तरच उभ्या झाडाला हात घाला.