एका तारेवरची गर्दी

घरच्या स्टुडिओसाठी अनेक पोर्टांचा मिडी इंटरफेस, म्हणजे संगणक आणि वाद्यं जोडणारा डबा, घ्यायला निघालेला संगीतकार आधी खोक्यावरचा आकडा वाचतो: आठ इन, आठ आउट, एकूण 128 चॅनेल. मग घरातली वाद्यं मोजून दोन्ही आकडे जुळवतो. हा हिशेब मला अपुरा वाटतो. एका मिडी पोर्टवर 16 चॅनेल असतात, त्यामुळे घरात पाच-सहा सिंथेसायझर असले तरी चॅनेलांची टंचाई सहसा पडत नाही. टंचाई पडते ती वेळेची. जास्तीचे पोर्ट घेताना आपण वेळ विकत घेत असतो, म्हणून इंटरफेस वेळ कसा पाळतो हाच निवडीचा पहिला निकष हवा.

1983च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-600 आणि रोलंडचा ज्युपिटर-6 हे दोन कंपन्यांचे सिंथेसायझर केबलने जोडले गेले आणि एकाच्या पट्ट्यांवर दुसरा वाजला. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी ज्याचा पाठपुरावा केला, त्या मिडीचा, म्हणजे वाद्यांच्या या सामाईक भाषेचा, वेग ठरला सेकंदाला 31,250 बिट. 1 मेगाहर्ट्झच्या घड्याळाला 32ने भागलं की हा आकडा मिळतो, आणि त्या काळच्या स्वस्त चिपांना तो झेपत होता. बाइटच्या आठ बिटांना सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट जोडले जातात, म्हणून एक बाइट जायला 320 मायक्रोसेकंद लागतात. ‘स्वर सुरू कर’ या आज्ञेचे बाइट तीन: पहिल्यात आज्ञा आणि चॅनेल, दुसऱ्यात स्वर, तिसऱ्यात जोर. म्हणजे एका स्वराला जवळजवळ एक मिलिसेकंद. तारेत एका वेळी एकच बाइट असतो, त्यामुळे कॉर्डचे चार स्वर कागदावर एकाखाली एक लिहिलेले असले तरी तारेतून ते रांगेनेच जातात.

आता एखाद्या साध्या रचनेची सम घेऊ. तिथे किक आणि हाय-हॅट, बेसचा एक स्वर, चार स्वरांचा कॉर्ड आणि धुनेचा एक स्वर असे आठ संदेश एकदम यायचे आहेत. एकाच तारेवर शेवटचा संदेश पूर्ण पोहोचेपर्यंत सुमारे 7.7 मिलिसेकंद गेलेले असतात. एकाच चॅनेलवर सलग तेच काम असेल तर पहिला बाइट गाळायची सवलत मिडीत आहे, पण संदेश वेगवेगळ्या चॅनेलांचे असले की ती फारशी उपयोगी पडत नाही. स्वीडनमधले संशोधक अँडर्स फ्रीबर्ग आणि योहान सुंडबर्ग यांनी 1995मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जलद, समान अंतराच्या ठोक्यांमधला एखादा ठोका सुमारे 6 मिलिसेकंदांनी सरकला की कानाला कळू लागतो, असं आढळलं. आपले 7.7 मिलिसेकंद या सीमेपलीकडचे आहेत. हेच आठ संदेश चार पोर्टांवर वाटले, ड्रम एकावर, बेस दुसऱ्यावर, कॉर्ड तिसऱ्यावर, धून चौथ्यावर, तर ड्रमचे दोन्ही ठोके दोन मिलिसेकंदांच्या आत पोहोचतात आणि कॉर्डला चार लागतात. चॅनेल पूर्वीइतकेच वापरले गेले. रांग तेवढी आखूड झाली.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इतक्या बारीक फरकाची काळजी कशाला? हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, आणि रंगमंचावर तीन मीटर अंतरावर बसलेले वादक जवळजवळ नऊ मिलिसेकंदांचा उशीर सहज पचवतात. हे खरं आहे, पण तो उशीर स्थिर असतो. स्थिर उशिराशी हात जुळवून घेतो. मिडीच्या रांगेतला उशीर मात्र त्या क्षणी पुढे किती संदेश आहेत यावर ठरतो, म्हणून या मात्रेला दोन आणि पुढच्या मात्रेला सहा मिलिसेकंद असा तो हलत राहतो. तंत्रज्ञ याला जिटर म्हणतात. शिवाय दोन यंत्रांवर सारखाच ध्वनी एकावर एक रचला असेल, तर एका मिलिसेकंदाच्या फरकानेही 500 हर्ट्झ आणि 1500 हर्ट्झपाशी दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. फरक हलला की या जागाही हलतात. ऐकणाऱ्याला लय बिघडल्याचं कळणार नाही. प्रत्येक ठोक्याचा पोत वेगळा आहे, एवढं मात्र जाणवेल.

आपल्याकडच्या संगीतात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. सिंथेसायझरवर मींड घ्यायची तर पिच-बेंडचे संदेश सतत पाठवावे लागतात आणि प्रत्येक संदेश तीन बाइटांचा असतो. सेकंदाला 200 संदेशांची गुळगुळीत मींड तारेचा जवळपास पाचवा हिस्सा व्यापते. पिच-बेंड संपूर्ण चॅनेलला लागू होतो, म्हणून स्वतंत्र मींड घेणाऱ्या प्रत्येक आवाजाला स्वतंत्र चॅनेल लागतो. 2018मध्ये मान्य झालेली एमपीई पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. असे पाच आवाज एकदम चालले की तार जवळजवळ भरते. त्याच तारेवर ठेका असेल तर तो डळमळणारच. आलापीसारखे लांब, लवचीक स्वर आणि काटेकोर ठेका एकत्र हवा असेल, तर दोन्हींना वेगळा पोर्ट देणं ही गरजच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नव्या वाद्यांना यूएसबी असतंच, मग हा डबा हवा कशाला? दोन-तीन नवी वाद्यं असतील तर खरोखरच नको. पण जुन्या वाद्यांना पाच पिनांचाच सॉकेट आहे, आणि त्या सॉकेटमागे एक शहाणपणाची रचना आहे. घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर असतो. केबलमधला विद्युतप्रवाह एक छोटा दिवा लावतो आणि पलीकडे तो उजेड पाहिला जातो. दोन यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा थेट विद्युतसंबंध येत नाही. यूएसबीत तो येतो, आणि संगणकाशी तारेने बांधलेला सिंथेसायझर मिक्सरलाही जोडला की स्पीकरमधून गुणगुण किंवा संगणकाची कुरकुर ऐकू येण्याची शक्यता वाढते. केबलच्या लांबीतही फरक आहे: मिडीची 15 मीटरपर्यंत चालते, यूएसबी 2.0ची 5 मीटरपर्यंत.

स्वस्तातला थ्रू-बॉक्स घेऊन एक आउट सगळ्यांना वाटावा, असंही सुचवलं जातं. सगळ्या यंत्रांना फक्त क्लॉक पुरवायचा असेल तर ही सूचना उत्तम आहे. पण थ्रू-बॉक्स त्याच रांगेच्या प्रती काढतो. गर्दी सर्वांकडे सारखीच पोहोचते. एका वाद्याच्या थ्रूमधून पुढच्या वाद्यात अशी थ्रू-साखळी त्याहून वाईट, कारण प्रत्येक टप्प्यावर ऑप्टो-आयसोलेटरमुळे विद्युतलहरींच्या कडा थोड्या बोथट होतात आणि लांब साखळीत बाइट चुकू लागतात.

मात्र आठ पोर्ट असले म्हणजे आठ तारा एकदम बोलतातच असं नाही. संगणकातून इंटरफेसपर्यंत सगळा माल एकाच यूएसबी केबलने येतो. फुल-स्पीड यूएसबी एक मिलिसेकंदाच्या चौकटीने चालतं, हाय-स्पीड त्याच्या आठव्या हिश्शाने. आणि 1999च्या यूएसबी-मिडी प्रमाणात संदेशावर वेळेचा शिक्का मारण्याची सोय नव्हती. म्हणून स्टाइनबर्ग, इमॅजिक आणि मोटू या कंपन्यांनी आपापल्या पद्धती काढल्या: सॉफ्टवेअरने संदेश थोडे आधीच शिक्क्यासह पाठवायचे आणि इंटरफेसने नेमक्या क्षणी सोडायचे. कल्पना अव्वल होती, पण तिचा पूर्ण लाभ त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरबरोबर मिळत असे, आणि 2002मध्ये ॲपलने विकत घेतलेल्या इमॅजिकचे इंटरफेस पुढे बाजारातून गेले. 2020मध्ये जाहीर झालेल्या मिडी 2.0मध्ये जिटर कमी करण्यासाठी वेळेचे शिक्के आहेत, तरी पाच पिनांच्या जुन्या वाद्याची तार 31,250 बिटांनीच चालणार. म्हणून मी तरी ड्रायव्हरशिवाय चालणारा इंटरफेस आधी पाहीन, म्हणजे कंपनी गेली तरी डबा चालेल. आणि त्यातही हाय-स्पीड यूएसबी किंवा इथरनेटवरून, आरटीपी-मिडी पद्धतीने, संदेश नेणारा. किमतीत फार अंतर नसेल तर सामान्य वेगाच्या आठ पोर्टांपेक्षा असे चार पोर्ट मला जास्त मोलाचे वाटतात.

पोर्ट मोजताना ठेका धरणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक, मींड किंवा नॉबच्या सतत हालचाली घेणाऱ्या प्रत्येक वाद्याला एक, आणि संथ पॅड वाजवणारी बाकीची वाद्यं मिळून एक. इन कमी असले तरी चालतात, कारण वाजवणारे हात दोनच. सिसेक्सचे, म्हणजे यंत्राची सेटिंग्ज नेणाऱ्या संदेशांचे, मोठे डंप वाजवताना पाठवू नयेत: 4,096 बाइटांना 1.3 सेकंद लागतात आणि तेवढा वेळ त्या पोर्टवर एकही स्वर जाऊ शकत नाही. इंटरफेस घरी आल्यावर एका आउटची केबल त्याच्याच इनमध्ये लावावी, सिक्वेन्सरमधून समान अंतराचे स्वर सोडून परत रेकॉर्ड करावेत, मग हेच बाकीच्या सगळ्या पोर्टांवर एकदम दाट माहिती चालू ठेवून करावं. परतलेले स्वर सगळे सारखेच उशिरा आले तर ट्रॅक तेवढा पुढे सरकवून काम भागतं. भार वाढल्यावर ते पाच-सहा मिलिसेकंदांनी मागेपुढे विखुरले, तर कोणत्याही सेटिंगने ते सुधारणार नाहीत. दुकानाची परतीची मुदत आहे तोवर असा डबा परत करावा.