एक खुर्ची, दोन गिऱ्हाइकं

श्टुटगार्टच्या मुख्य स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी लोकल धरली की फॉयरबाखनंतर त्सुफेनहाउझेन येतं. फॉयरबाखला बॉश, त्सुफेनहाउझेनला पोर्शे. त्यामुळे डब्यात पुणेरी मराठी ऐकू आली तरी कुणी दचकत नाही. शिवाय मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून एकमेकींच्या भगिनी-नगरी. पाहुणे येतात, पोर्शेच्या संग्रहालयात फोटो काढतात आणि परततात. इथल्या एका रस्त्याला हेलमुथ हिर्थ या वैमानिकाचं आणि दुसऱ्याला लॉरेन्झ या कंपनीचं नाव आहे, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. विमानप्रवासातल्या आजच्या माहिती तंत्रज्ञानाचा माग काढायचा, तर या पाट्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

संगणकविद्येला जर्मनीत ‘इन्फोर्माटिक’ म्हणतात. हा शब्द १९५७ मध्ये कार्ल श्टाइनबुख या अभियंत्याने छापील लेखात आणला. अर्थ दिला ‘माहितीवरची स्वयंचलित प्रक्रिया’. तेव्हा तो इथल्या स्टँडर्ड इलेक्ट्रिक या कंपनीत होता. पुढच्याच वर्षी ती लॉरेन्झशी एकत्र होऊन ‘एसईएल’ झाली. कंपनीपुढचं काम मात्र अगदी वाण्याच्या दुकानातलं होतं. गिऱ्हाईक होती ‘क्वेले’ ही टपालाने माल विकणारी पेढी. रोज ढिगांनी मागण्या येत, आणि कोणता माल किती शिल्लक आहे ते तत्काळ कळायला हवं होतं. संपलेला माल पुन्हा विकला जाऊ नये, एवढंच गाऱ्हाणं.

विमान कंपन्यांचं गाऱ्हाणंही हेच, फक्त जास्त जिव्हारी लागणारं. विमानातली खुर्ची मंडईतल्या पालेभाजीसारखी असते. दार लागलं की रिकाम्या खुर्चीचं मोल शून्य. आणि एकच खुर्ची दोघांना विकली गेली, तर भांडण फाटकापाशी. पूर्वी हा हिशेब पत्त्यांसारख्या कार्डांवर आणि टेलिफोनवर चाले. १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ योगायोगाने एकाच विमानात शेजारी बसले. त्या गप्पांतून ‘सेबर’ ही आरक्षण यंत्रणा जन्मली आणि १९६४ पर्यंत ती पूर्णपणे चालू झाली. युरोपात १९८७ मध्ये एअर फ्रान्स, आयबेरिया, लुफ्तहान्सा आणि एसएएस या चौघींनी ‘अमाडेउस’ उभी केली. तिचं संगणक केंद्र म्युनिकजवळ एर्डिंगला उभं राहिलं. तिकिटावरचा सहा अक्षरांचा पीएनआर हा याच काळाचा वारसा.

या क्षेत्राची खोड अशी, की नवं येतं पण जुनं जात नाही. वाड्यावर मजले चढवत जावेत तसं. १९४९ मध्ये अकरा विमान कंपन्यांनी मिळून काढलेल्या ‘सीता’ या संस्थेच्या तारयंत्रांवरची मोठ्या लिपीतली संदेशांची धाटणी अजून वापरात आहे. भाड्याचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. अक्षरं सव्वीसच, म्हणून एकाच फेरीची भाडी पायऱ्यापायऱ्यांनीच उडतात. ही पायरी मोडून प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा भाव सांगता यावा, यासाठी विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेने २०१२ मध्ये ‘एनडीसी’ हे नवं प्रमाण पुढे केलं. तप उलटलं तरी जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी नांदते आहे. कागदी तिकीट मात्र १ जून २००८ पासून खरोखरच गेलं. कार्बनच्या लाल डागांनी बोटं माखणारी ती पुस्तिका आता जुन्या ट्रंकेतच सापडते. सामानाचंही तसंच: जून २०१८ पासून बॅग कंपनीने स्वीकारली, विमानात चढली, दुसऱ्या विमानाकडे गेली आणि प्रवाशाला मिळाली, या चारही टप्प्यांवर तिची नोंद ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं.

वैमानिकाच्या खोलीतही मजल्यावर मजलाच. १९३०च्या दशकात बर्लिनच्या लॉरेन्झ कंपनीने धुक्यात उतरण्यासाठी रेडिओची वाट आखली. डावीकडे गेलात तर एक खूण, उजवीकडे गेलात तर दुसरी. बरोबर मध्यावर दोन्ही मिसळून सलग सूर. युद्धानंतर ही कंपनी त्सुफेनहाउझेनला आली. दोन लहरी एकमेकींवर चढवून मधली रेघ शोधण्याची तीच युक्ती विमान उतरवणाऱ्या आजच्या आयएलएस यंत्रणेत आहे. आपल्याकडे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या ‘गगन’ या उपग्रह यंत्रणेच्या आधाराने एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर राजस्थानात किशनगढला उतरलं. म्हणून आयएलएस कुणी उपटून टाकलेलं नाही.

आताचा नवा मजला चेहऱ्याचा, त्याआधीचा चिपचा. श्टाइनबुखचा सहकारी हेलमुट ग्रोटरुप हा पूर्वी अग्निबाणांवर काम केलेला माणूस. त्सुफेनहाउझेन सोडल्यावर त्याने १९६०च्या दशकात चिप असलेल्या कार्डाचं पेटंट मागितलं. तशीच चिप आज पासपोर्टात असते. भारतात ‘डिजीयात्रा’ने १ डिसेंबर २०२२ पासून देशांतर्गत प्रवाशाचा चेहराच पास केला, पुणे आणि मुंबई पुढच्या वर्षी आली. सोय खरी, रांग आखडते तीही खरी. पण २०२१ मध्ये ‘सीता’च्या यंत्रणेतून एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती चोरीला गेली होती. पासवर्ड बदलता येतो. चेहरा कसा बदलणार?

आणि मजले जितके अधिक, तितका एका विटेवरचा भार मोठा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये चेक-इनच्या एकाच पुरवठादारावर हल्ला झाला आणि लंडन, ब्रुसेल्स, बर्लिन एकदम अडखळले.

जुलैच्या त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास बॉलपेनने लिहिले गेले: नाव, फेरी, खुर्चीचा क्रमांक. लोकांनी हसत त्यांचे फोटो काढले. श्टाइनबुखच्या व्याख्येतला ‘स्वयंचलित’ हा शब्द तेवढ्यापुरता गळला होता. बाकीचं काम तेच. एका खुर्चीवर दोन नावं पडू नयेत, म्हणून काउंटरवरची मुलगी हातातल्या यादीवर एकेक खूण करत होती.